मावशीचा डावा हात

आमच्या याडीला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. घासलेली भांडी पुन्हा घासते. मावशीशी तिचं वाजलं त्या वर्षी आमच्या पितळी तांब्यावरची अर्धी नक्षी गेली. याडी म्हणजे आई. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर तसंच म्हणतात. घरात आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोली चालते, पण इथे सगळ्यांचं बोलणं मराठीतच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही काय बोलून राहिली काही कळेना.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. मीही हसले होते, तेव्हा याडीनं उलथनं फेकून मारलं होतं.

आमच्यात दोन बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. आधी गळ्यात पडतात आणि हेल काढून रडतात. ते रडणं म्हणजे नुसतं दुःख नव्हे. त्या हेलातच सगळी खबर असते. कोण गेलं, कुणाला लेकरू झालं, कुणाची म्हैस व्याली, तू काहून आली नाहीस, मी किती वाट पाहिली. पोटभर रडून झालं की डोळे पुसायचे, पाणी प्यायचं, आणि मग साधं बोलणं सुरू करायचं. लहानपणी मला याची भारी लाज वाटायची. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर याडी कुणाच्या गळ्यात पडली की मी रसवंतीच्या मागे जाऊन उभी राहायची.

तीन वर्षांमागे मावशीच्या पोराचं लग्न झालं. मावशी याडीची पाठची बहीण, हट्ट्याजवळच्या तांड्यावर दिलेली. याडी मांडवात शिरली, हात पसरले, हेल काढला. आणि मावशी, नवरदेवाची माय, नटलेली, समोर फोटोवाला उभा, ती म्हणाली, "थांब गं जरा, फोटो होऊ दे."

बस्स. एवढंच. याडीचा हेल अर्ध्यात राहिला. सगळा मांडव बघत होता. तिनं हात खाली घेतले, ओढणी सावरली आणि सख्ख्या भाच्याच्या लग्नात घोटभर पाणीही न पिता परत फिरली. मी मागून पळत होते, "याडी, अगं जेवून तरी घे!" ती थेट जीपमध्ये जाऊन बसली. 

आता मावशीचं ऐका. फोटो झाल्याबरोबर तिनं बहिणीला शोधलं, तर बहीण गायब. पोराच्या लग्नातून सख्खी बहीण उपाशी गेली, हे तिनं मनाला लावून घेतलं. दोघीही खऱ्या. तीन वर्षं दोघी आपापल्या तांड्यावर बसून होत्या. फोनवर बोलायची सोय नाही, कारण गळाभेट झाल्याबिगर बोलणार कशा? आणि गळाभेटीला जो आधी दुसऱ्याच्या दारात जाईल त्यानं कमीपणा घेतला. याडी म्हणायची, "तिला गरज असंल तर येईल." मावशीही तेच म्हणायची, हे मला मावशीची सून कळवायची. ही वहिनी आणि मी, आमचं गुपचूप बरं होतं.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. आम्ही अंगात घालायची अशी वस्त्रं बनवतो, की ज्यातून दुसऱ्याचा स्पर्श आपल्याला लागावा. ऐकायला जादू वाटते, पण तसं काही नाही. दुधाच्या पिशवीसारख्या पातळ, मऊ पॉलिमरच्या छोट्या छोट्या पिशव्या असतात, आत थोडं तेल. वीज दिली की पिशवीच्या कडा एकमेकींना चिकटतात, तेल मधोमध गोळा होतं आणि तिथे फुगवटा येतो. तो फुगवटा अंगाला दाबतो. वीज काढली की पिशवी पुन्हा सपाट. अशा पिशव्या पाठभर लावलेलं एक जाकीट, आणि सोबत एक लांबट उशी. उशीत दाब ओळखणारे तुकडे बसवलेले. तुम्ही इकडे उशीला मिठी मारा, तुमचे हात उशीवर जिथे जिथे दाबतील, तिथे तिथे तिकडच्या माणसाच्या पाठीवर जाकीट दाबेल. अशा दोन जोड्या आम्ही तयार केल्या होत्या.

प्रयोगशाळेतल्या पोरापोरींवर करून पाहिलं. सगळे म्हणाले, छान आहे. आमच्या मॅडम मात्र म्हणाल्या, "दाब कळतो. माणूस कळत नाही." मला असा राग आला! दोन वर्षं मी हेच करून राहिले होते! पण त्यांचं खोटं नव्हतं. ती पोरंपोरी एकमेकांना कधी मिठी मारणारी थोडीच होती. जिला दुसरीची मिठी लहानपणापासून पाठ आहे अशा दोघी पाहिजेत, असं माझ्या डोक्यात आलं. आणि मग लगेच दुसरंही आलं. दोघी एकाच वेळी मिठी मारणार म्हणजे आधी कोण गेलं हा सवालच नाही. कुणालाच कमीपणा नाही! मॅडमची परवानगी घेतली, दोन्ही जोड्या बॅगेत भरल्या आणि आले. एक जोडी आधी हट्ट्याला वहिनीकडे पोचवली, सगळं शिकवलं. मावशी तेव्हा नेमकी कुठे तरी गेलेली होती. निदान वहिनीनं मला तसं सांगितलं.

याडीला मी खरं तेच सांगितलं. "माझ्या कामासाठी लागतंय."

"अन् समोर ती असणार?"

"ती असणार."

दोन मिनिटं तवा घासण्याचा आवाज. मग म्हणाली, "तुझ्या कामासाठी करते. तिच्यासाठी न्हाई. अन् आवाज बंद ठेवायचा. मला तिच्याशी बोलायचं न्हाई."

आता आमच्या तांड्यावर मोबाईलला रेंज मिळते ती फक्त समाजमंदिराच्या ओट्यावर. म्हणजे सगळा मामला चारचौघांसमोर. सोयाबीन निघून गेलेलं, तूर फुलावर आलेली, बायका जरा मोकळ्या. बघता बघता ओटा भरला. मी जाकीट काढलं तर याडीनं ते नव्या चोळीसारखं उलटंपालटं करून पाहिलं. "ही कसली कांचळी? एक आरसा न्हाई, एक घुंगरू न्हाई. पुण्यात शिवणारं कुणी उरलं न्हाई का?"

बायका खिदळल्या. मी म्हणाले, "याडी, ओढणी काढून ठेव. काठाला आरसे आहेत, नाणी आहेत. पिशवीला टोचलं तर तेल गळंल."

"डोक्यावरची ओढणी काढू? सगळ्या गावात?"

काढली नाहीच. ओढणीवरूनच जाकीट घातलं. मी कपाळाला हात लावला आणि बंद बांधले. कमरेला यंत्राची डबी लावली, त्यात सिमकार्ड. तिच्या मांडीवर उशी दिली. वहिनीला फोन केला. "मावशी तयार?" "तयार आहे ताई," ती म्हणाली, पण आवाज जरा चाचरत होता. मला वाटलं, पोरगी घाबरली असंल. फोन बंद केला. याडीची अटच होती.

पहिल्यांदा जाकीट दाबलं तेव्हा याडी खुदकन हसली. "गुदगुल्या करतंय गं!" मग तिनं उशी आवळली, आणि अशी आवळली की मला तिकडच्या मावशीच्या बरगड्यांची काळजी वाटली.

मी डबीच्या छोट्या पडद्यावर पाहत होते. डाव्या अंगाच्या पिशव्या फुगत होत्या, सपाट होत होत्या. थाप, थाप, थाप. जरा थांबून पुन्हा थाप, थाप, थाप.

"हीच ती," याडी हळूच म्हणाली. "हीच थापटते अशी. म्हशीला थापटल्यागत. लहान होती तवापासून." तिनं ओढणी कपाळावर पुढे ओढली. ओट्यावरच्या बायका पुढे सरकल्या. आता हेल निघणार हे सगळ्यांना कळलं, दोघींनी तर आपापल्या ओढणीचे पदर डोळ्यांपाशी नेऊनही ठेवले. तीन वर्षांचं कुलूप उघडत होतं, आणि किल्ली मी बनवलेली! काय सांगू, असं वाटत होतं की ओट्यावरून उडी मारावी.

याडीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"डावा हात कुठाय तिचा?"

"काय?"

"ती उजव्या हातानं थापटते, अन् डाव्यानं पाखाटा धरते. घट्ट. इथं," तिनं मागे हात नेऊन उजव्या खांद्याखाली दाखवलं. "इथं काहीच न्हाई."

झालं. माझं तोंड उतरलं. उजव्या अंगाच्या पिशव्या गप्प होत्या हे खरंच होतं. गळ्यात पडल्यावर समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला येतो, म्हणजे बिघाड बरोबर तिथेच. ओढणीचा आरसा टोचला असणार! मी चिडले. "तरी सांगत होते, ओढणी काढ, ओढणी काढ! फुटली ना पिशवी. दोन वर्षांचं काम गं माझं!" बंद सोडले, जाकीट उलटं केलं, एकेक पिशवी बोटानं चाचपली. तेलाचा एक थेंब नाही. सगळं कोरडं. मग याडीकडची उशी याडीच्याच जाकिटाला जोडली आणि मी स्वतः त्या उशीला दोन्ही हातांनी मिठी मारली. उजव्या अंगाच्या पिशव्या टरारून फुगल्या. दुरुस्त होतं सगळं. पुन्हा तिला जाकीट घातलं, पुन्हा हट्ट्याला जोडलं. डावीकडे थाप, थाप, थाप. उजवीकडे काही नाही.

"तिकडची उशी बिघडली असंल," मी म्हणाले.

"उशी बी बराबर हाय, यंत्र बी बराबर हाय," याडी म्हणाली. "तिचा हात बराबर न्हाई. फोन लाव."

मी वहिनीला फोन लावला. याडीनं तो माझ्या हातातून घेतला. तीन वर्षांत त्या घराशी ती पहिल्यांदा बोलत होती. "काय झालं तुझ्या सासूच्या हाताला?"

"काही न्हाई... म्हणजे उशीच जरा..." आणि मागून मावशीचा खणखणीत आवाज, "सांग तिला, काही न्हाई झालं म्हणून! कळतंय कुणाला तिकडं!"

तो आवाज याडीनं ऐकला. उत्तर दिलं नाही, कारण गळाभेट कुठे झाली होती? फोन माझ्या हातात ठेवला, चपला घातल्या आणि ओट्यावरून उतरून सडकेकडे चालायला लागली. पाठीवर जाकीट, कमरेला डबी, तशीच.

"याडी, कुठं चाललीस?"

"हट्ट्याला."

"अगं पण तू जाणार? आधी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "हात न्हाई तिला, अन् तू आधी-नंतर करून राहिलीस?"

मी उशी काखेत मारून मागे पळाले. सेनगावच्या जीपमध्ये आम्हाला कशीबशी जागा मिळाली. सेनगाव जवळ आलं, रेंज आली, आणि याडी दचकली. जाकीट चालू होतं. तिकडे मावशीनं अजून उशी सोडली नव्हती. थाप, थाप, थाप. याडी जरा वेळ दातओठ खात बसली, मग मोठ्यानं म्हणाली, "येऊन राहिले ना! दम धर जरा!" शेजारचा माणूस घाबरून सरकला. ड्रायव्हर आरशातून पाहू लागला. मी खिडकीबाहेर तोंड करून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

हिंगोलीला एसटीची वाट पाहताना मी मॅडमना फोन केला. म्हणाले, "मॅडम, माणूस कळला. एवढा कळला की आता त्याच्याकडे निघालोय." त्या म्हणाल्या, "म्हणजे?" म्हटलं, मग सांगते, गाडी लागली.

औंढ्याच्या अलीकडे थापटणं थांबलं. याडीनं माझा दंड धरला. "थांबली की गं ती."

"बॅटरी संपली याडी. दुसरं काही नाही."

"खरं सांग."

"शप्पथ. बॅटरी."

तिला पटलं नाही. औंढ्याहून हट्ट्याची जीप भरेपर्यंत ती बसली नाही, उभीच राहिली. तोंडानं पुटपुटत होती आणि एकेक भीती मला विचारत होती. "लकवा तर न्हाई ना मारला? लकव्यात डावी बाजूच जाते का? आवाज तर चांगला होता. व्हय ना, चांगला होता ना?" मी वहिनीला पुन्हा फोन लावला, तर ती उचलेना. मग माझंही हसू पळालं. तीन वर्षं ह्या दोघींनी एका फोटोपायी घालवली, आणि तिकडे काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक. जीपमध्ये मी याडीचा हात दोन्ही हातांत धरून बसले.

दिवस कलता कलता पोचलो. मावशीच्या अंगणात एक स्कूटी उभी होती, तिचा एक आरसा तुटलेला, पुढचं मडगार्ड चेपलेलं. आणि दारात मावशी. अंगात अजून जाकीट, डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, ओढणीच्या झोळीत गळ्याला टांगलेला.

वहिनीनं एका दमात सांगून टाकलं, "डेअरीला दूध घालायला स्कूटी शिकून राहिल्या होत्या. बाभळीत घातली. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून शप्पथ घातली ताई मला, अन् म्हणून फोन बी उचलला न्हाई!"

साठीची बाई. फेटियाचा घेरदार घागरा नेसून. स्कूटी. मला असं हसू फुटलं की ओठ चावावा लागला. लकवा नव्हता! काही नव्हतं! एक हाड मोडलं होतं, ते जुळणार होतं.

याडी मात्र हसली नाही. ती अंगणाच्या तोंडाशी थांबली. हात पसरले, आणि तिथेच उभी राहिली. आवाज काढेना. मला कळलं, मागच्या वेळी ह्याच अंगणात तिचा हेल अर्ध्यात राहिला होता. पुन्हा काढायची तिला छाती होईना. मावशीलाही ते कळलं असणार. कारण ती एक हात पसरून पायऱ्या उतरली, धावली म्हणा ना, आणि अर्ध्या अंगणातूनच हेल तिनं काढला. असा मोठा, की शेजारच्या गोठ्यातली वासरं उठून उभी राहिली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि मावशी रडता रडता सांगत गेली. मराठीत सांगायचं तर असं काही तरी:

"फोटोवाला गेला गं बाई, फोटो भिंतीवर लागला. सगळे हसतात त्यात, माझी बहीण न्हाई त्यात. तुला थांब म्हणाले, अन् मला तीन वर्षं थांबावं लागलं. तू उपाशी गेलीस गं, माझ्या दारातून उपाशी गेलीस. मी त्या दिवशी जेवले न्हाई, कुणाला सांगितलं बी न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. वहिनीलाही नव्हतं. ती माझ्या शेजारी उभी राहून ओढणीनं नाक पुसत होती.

मग याडीचा आवाज निघाला. तीन वर्षं अडकलेला, फाटलेला. तिनं हेलातच बहिणीला धुऊन काढलं. स्कूटीवरून, बाभळीवरून, लपवल्यावरून, या वयात म्हशीगत धावण्यावरून. आणि शिव्या देता देताच तिनं झोळीतून तो प्लास्टरचा हात अलगद बाहेर काढला, बाळाला उचलावं तसा, आणि आपल्या उजव्या पाखाट्यावर ठेवून घेतला. मी रसवंतीच्या मागे लपणारी पोरगी, भर अंगणात उभी राहून मोठमोठ्यानं रडत होते आणि मला कुणाचीच लाज वाटत नव्हती.

रडून झालं. वहिनीनं दोन तांबे पाणी आणलं. दोघींनी चूळ भरली, तोंडं पुसली, ओढण्या सावरल्या आणि ओट्यावर बसल्या. आता साधं बोलायचं. तीन वर्षांनी पहिलं साधं बोलणं. मावशी प्लास्टरच्या कडेचा सुटलेला धागा ओढत राहिली. एवढी स्कूटी उडवणारी बाई, पण आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

"जेवून जाशील ना?" तिनं विचारलं.

याडीनं चपला काढून दाराच्या आत नेऊन ठेवल्या. "प्लास्टर निघेपर्यंत जेवणार हाय मी इथं," ती म्हणाली. "सर बाजूला. भाकरी मी थापते."